गावातलं जुनं चर्च सर्वांसाठी खुलं करताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

गावातल्या जुन्या चर्चमध्ये तीन कामं मोठ्या हौसेनं हाती घेतली जातात. दारापुढे सिमेंटचा रॅम्प, ओल आलेल्या भिंतीला नवा गिलावा आणि आवारात झाडं. तिन्हींमागे मन चांगलं असतं. पण ही कामं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता केली की एकमेकांच्या मुळावर उठतात. रॅम्पमुळे पावसाचं पाणी भिंतीकडे वळतं. सिमेंटच्या गिलाव्यामुळे ती ओल भिंतीतच कोंडते. भिंतीला लागून लावलेल्या झाडाची मुळं काही वर्षांनी त्याच रॅम्पची फरशी उचलतात आणि व्हीलचेअर पुन्हा दाराबाहेरच अडते.

चूक कामात नसते, क्रमात असते. म्हणून इतिहासाची नोंद, सर्वांना येता यावं अशी सोय आणि सृष्टीची काळजी ही तीन समित्यांची तीन कामं समजू नका. पाहणी एकच, वही एकच. पहिल्या पाच टप्प्यांना काही महिने लागतील, ते लागू द्या. तोवर आवारात सिमेंटचं एकही पोतं येता कामा नये.

टप्पा १: माणसं आणि वही

धर्मगुरू किंवा पाळक, विश्वस्त आणि हिशेब पाहणारी व्यक्ती गटात असतातच. त्यांच्याइतकीच गरज आहे ती व्हीलचेअर वापरणाऱ्या एका व्यक्तीची, काठी टेकत चालणाऱ्या एखाद्या आजीची, कमी दिसणाऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसांची, बाबागाडी ढकलणाऱ्या आईची. आणि आवार झाडणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या माणसाची. त्याला बैठकीला सहसा कोणी बोलावत नाही. पण पाणी कुठे तुंबतं, कोणतं दार फुगून घट्ट बसतं, वटवाघळं कुठून आत शिरतात, हे सगळ्यात नेमकं तोच सांगतो.

ज्यांनी त्रासामुळे चर्चला येणंच सोडलं, ते रविवारी भेटणार नाहीत. त्यांच्या घरी जा. "तुम्ही येत का नाही?" असं विचारलं तर त्यात ठपका ऐकू येतो. "शेवटचं आलात तेव्हा कुठे अडलं?" असं विचारा. उत्तर बहुतेकदा एका विशिष्ट पायरीचं, एका विशिष्ट बाकाचं किंवा शौचालयाचं असतं. ते जसंच्या तसं वहीत उतरवा, तारीख घाला, सांगणाऱ्याची परवानगी असेल तरच नाव लिहा.

टप्पा २: आहे त्याची नोंद

काहीही हलवण्याआधी फोटो. प्रत्येक भिंत, प्रत्येक दार, फरशी, छत, बाकं, बाप्तिस्म्याचं कुंड, पाट्या. आधी लांबून, मग जवळून, शक्यतो मोजपट्टी शेजारी धरून. फोटोला जागेचं नाव आणि तारीख लगेच द्या. "नंतर देऊ" म्हटलेले फोटो वर्षभरानंतर कोणालाच ओळखता येत नाहीत.

मग जुनी कागदपत्रं. कॅथलिक धर्मग्रामांना बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी ठेवण्याचा आदेश ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली दिला, त्यामुळे अनेक ठिकाणी या वह्या फार मागे जातात. पण इमारतीचा स्वभाव कळतो तो हिशेबाच्या वहीतून. छपरावर कोणत्या वर्षी खर्च झाला, कोणत्या बाजूची भिंत पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागली, उंबऱ्याचा दगड कधी बदलला, हे तिथे सापडतं. एकच भिंत तीनदा दुरुस्त झालेली दिसली, तर तिथलं दुखणं गिलाव्याचं नाही, पाण्याचं आहे.

पानांचे फोटो फ्लॅशशिवाय, खिडकीच्या उजेडात काढा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका, कारण ते सुखरूप काढता येत नाही. फोटोंच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक चर्चच्या इमारतीबाहेर. अलीकडच्या नोंदी जिवंत माणसांच्या असतात, त्या कुठेही प्रसिद्ध करू नका.

कबरींच्या दगडांवरची अक्षरं पुसट झाली असतील तर सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा जा. दगडावर ऊन पोचत नसेल तर आरशाने किंवा टॉर्चने बाजूने उजेड टाका. उठून न दिसणारं अक्षरही सावलीमुळे वाचता येतं.

> सावधान: अक्षर वाचण्यासाठी खडू, पीठ किंवा दाढीचा फेस फासू नका. तारेच्या ब्रशने घासू नका, ब्लीच ओतू नका. दगडावरचे पिवळे-करडे ठिपके म्हणजे घाण नव्हे, ते दगडफूल आहे. त्याच्या अनेक जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत. तळहाताएवढा ठिपका घासून काढला तर तो आपल्या हयातीत परत येणार नाही.

टप्पा ३: भर पावसात एक फेरी

ही फेरी जवळपास सगळेच टाळतात, आणि सगळ्यात जास्त माहिती हिच्यातूनच मिळते. जोराचा पाऊस सुरू असताना छत्री, टॉर्च आणि फोन घेऊन इमारतीभोवती फिरा. पन्हळ कुठे ओसंडते? उभ्या पाइपातून पडलेलं पाणी कुठे जातं? कोणत्या कोपऱ्यात थांबतं? पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा एक फेरी मारा आणि जिथे अजून डबकं आहे तिथे नकाशावर खूण करा.

बाहेरच्या जमिनीची पातळीही तपासा. वर्षानुवर्षं माती, पालापाचोळा आणि नव्या फरशीचे थर साचून कित्येक जुन्या इमारतींभोवतीची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झालेली असते. मग भिंतीचा खालचा भाग जमिनीत गाडल्यासारखा राहतो आणि ओल वर चढते. हे लक्षात न घेता रॅम्पसाठी आणखी भराव टाकला, तर ओलीला आपणच शिडी लावून देतो.

भेगा दिसल्या तर घाबरून लगेच भरू नका. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने बारीक रेघ मारून तारीख लिहा आणि दर महिन्याला पाहा. भेग रेघेपुढे गेली, तर गवंड्याच्या आधी जुन्या बांधकामाचा जाणकार अभियंता बोलवा.

तपासणी: वहीत पाण्याचा नकाशा तयार आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: फाटकापासून वेदीपर्यंत, दुसऱ्याच्या चालीने

आता गटातल्या माणसांबरोबर अख्खी वाट चाला. बस किंवा गाडी जिथे थांबते तिथून सुरुवात, मग फाटक, आवारातली वाट, दार, बसण्याची जागा, वेदीकडे जाणारी वाट, वाचनमंच, शौचालय, कबरस्तान, आणि परत फाटक. प्रत्येकाबरोबर वेगळी फेरी हवी. व्हीलचेअरला अडवणारी जागा आणि कमी दिसणाऱ्याला अडवणारी जागा एक नसते.

स्वतः व्हीलचेअरवर बसून दहा मिनिटं फिरण्याचा प्रयोग करून समाधान मानू नका. धडधाकट माणसाला त्यातून फक्त अवघडलेपण कळतं. रोज खुर्ची वापरणाऱ्याला कोणता उतार चालतो, कोणती खडी चाक गिळते, ओल्या फरशीवर कुठे भीती वाटते, हे त्याच्याच तोंडून ऐका. तो बोलत असताना "पण आम्ही उचलून घेऊ ना" असं म्हणायचं नाही. उचलून नेणं ही सोय नव्हे. चार माणसांनी सगळ्यांसमोर उचलून आत नेण्यापेक्षा घरी बसणं बरं, असं वाटून किती जण थांबले असतील याचा विचार करा.

सोबत टेप ठेवा आणि ही मापं लिहा.

* वाटेची रुंदी: एका खुर्चीला निदान १.२ मीटर. दोन खुर्च्या समोरासमोर येणार असतील तर १.८ मीटर.
* दार पूर्ण उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा: निदान ८० सेंटीमीटर, ९० असेल तर उत्तम. चौकट मोजू नका, उघड्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा.
* उंबरा: दीड सेंटीमीटरचा उभा उंबराही पुढची छोटी चाकं अडवतो.
* खुर्ची पूर्ण वळवायला: १.५ मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ.
* पायऱ्या: प्रत्येक पायरीची उंची वेगवेगळी मोजा. जुन्या दगडी पायऱ्या सारख्या नसतात, आणि पाय चुकतो तो त्यामुळेच.

टप्पा ५: आधी तात्पुरतं करून पाहा

नेमकं ठरवण्याआधी चार-पाच रविवार तात्पुरती मांडणी करा. भाड्याने मिळणारा किंवा जाड प्लायवूडचा रॅम्प, घट्ट बसवलेला आणि वर न घसरणारी पट्टी लावलेला. आतली एक-दोन बाकं हलवून मोकळी केलेली जागा. जमिनीवर कागदी टेपने आखलेली नवी वाट.

या चाचणीत ठरलेले बेत बदलतात, आणि बदलायलाच हवेत. समजा मुख्य दारापुढे सहा पायऱ्या आहेत आणि बाजूच्या दाराला एकच. बाजूचं दार स्वस्त पडेल हे खरं. पण ते दार नेहमी कुलूपबंद असेल, किल्ली एकाच माणसाकडे असेल आणि तिथून आत शिरल्यावर खुर्ची थेट वेदीसमोर सगळ्यांच्या नजरेत येत असेल, तर ते दार कोणी वापरणार नाही. बाजूचं दार निवडायचं असेल तर ते सगळ्यांचंच दार करा. तिथेच स्वागत, तिथेच गीतांची पुस्तकं, तिथेच दिवा.

तपासणी: चाचणीच्या शेवटच्या रविवारी वापरणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: "एकटे आलात तर जमेल का?" उत्तर "हो" येत नाही तोवर नकाशा काढू नका.

टप्पा ६: नकाशा आणि परवानग्या

हे थोडक्यात. इमारत वारसा यादीत आहे का, आवारात जुनी दफनं कुठवर पसरली आहेत, झाडं तोडायला कोणाची संमती लागते, हे लेखी विचारा. धर्मप्रांताच्या कार्यालयाची परवानगी वेगळी आणि स्थानिक शासनाची वेगळी. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही. रॅम्पच्या पायासाठी खोदताना खाली कबर निघू शकते. खोदाईआधी जुने नकाशे पाहा आणि हाडं दिसली तर काम कोणी थांबवायचं, कोणाला कळवायचं, हे आधीच लिहून ठेवा.

परवानगीच्या अर्जाला टप्पा २ मधले फोटो आणि टप्पा ५ मधला अनुभव जोडा. जे बांधणार ते पुढे कधी काढावं लागलं तर मूळ दगडाला धक्का न लागता काढता येईल का, हे ज्या नकाशात स्पष्ट दिसतं त्याला होकार मिळणं सोपं जातं.

टप्पा ७: पहिलं बांधकाम पाण्याचं, दुसरं चुन्याचं

पन्हळी साफ करा, फुटलेले पाइप बदला, पाणी भिंतीपासून दूर न्या, चढलेली जमीन उतरवा. मग थांबा. जाड दगडी भिंत वाळायला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. पाणी बंद झाल्यावर कित्येकदा "गिलावा बदलायलाच हवा" असं वाटणारी भिंत आपोआप सुधारते.

दुरुस्ती करावी लागलीच तर जी भिंत चुन्यात बांधली आहे ती चुन्यातच दुरुस्त करा. चुना ओलावा आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट कडक असतं, ओलावा अडवतं. मग तो ओलावा दगडातून वाट काढतो आणि दगडाच्या कडा भुसभुशीत होऊन गळतात. प्लास्टिक रंगाचंही तेच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, म्हणून त्याला घाई चालत नाही. कडक उन्हात किंवा पारा ५ अंशांच्या खाली असताना काम करू नका आणि नवा थर काही दिवस ओलसर, झाकलेला ठेवा.

> सावधान: "थोडं सिमेंट घातलं की चुना पक्का होतो" असं गवंडी सांगेल. नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा.

टप्पा ८: रॅम्प आणि दार

रॅम्पचा हिशेब साधा आहे, तरीही सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चढ १ः१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे १ सेंटीमीटर उंचीला निदान १२ सेंटीमीटर लांबी. १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटीमीटर उंची, तिला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो. वर आणि खाली प्रत्येकी १.५ मीटर सपाट जागा धरली की एकूण ८.४ मीटर. जागा कमी म्हणून दोन मीटरचा रॅम्प करून फीत कापली, तर त्यावरून वर चढताना खुर्ची मागे उलटू शकते. जागा असेल तर १ः१५ किंवा १ः२० करा. स्वतःच्या हातांनी चाकं ढकलणाऱ्याला हा फरक खांद्यात जाणवतो.

* रुंदी कठड्यांच्या आत निदान १.२ मीटर.
* ७५ सेंटीमीटर उंची चढल्यावर मध्ये सपाट विसावा. वळणावरही सपाटच.
* दोन्ही बाजूंना हाताचा कठडा साधारण ९० सेंटीमीटर उंचीवर, दुसरा त्याखाली ७० ते ७५ वर. कठडा रॅम्पच्या दोन्ही टोकांपुढे ३० सेंटीमीटर न्या, म्हणजे कमी दिसणाऱ्याला सुरुवात आणि शेवट हाताला कळतो.
* कडेला छोटा काठ किंवा पट्टी, चाक घसरू नये म्हणून.
* पृष्ठभाग खरखरीत. गुळगुळीत ग्रॅनाइट पावसात जीवघेणा ठरतो.
* रॅम्प आणि जुनी भिंत यांच्यात फट ठेवा आणि त्या फटीतलं पाणी बाहेर जाऊ द्या. टप्पा ३ चा नकाशा इथे कामी येतो.

जुन्या पायऱ्या फोडू नका. अनेकांना, विशेषतः गुडघे दुखणाऱ्यांना, रॅम्पपेक्षा कठडा असलेली पायरी सोपी जाते. पायऱ्यांच्या कडेला वेगळ्या रंगाची साधारण ५ सेंटीमीटरची पट्टी द्या आणि किमान एक कठडा लावा.

जड दार हा रॅम्पनंतरचा अडथळा. प्रार्थनेच्या वेळी दार उघडं राहील अशी कडी, खाली उतरती पट्टी केलेला उंबरा आणि बसलेल्या माणसाच्या हाताला येणारी मूठ, एवढ्याने बहुतेक ठिकाणी भागतं.

टप्पा ९: आत

व्हीलचेअरची जागा मागच्या भिंतीशी नको आणि मधल्या वाटेतही नको. एखादं बाक काढून किंवा सरकवून ९० बाय १३० सेंटीमीटरची जागा करा, शेजारी सोबतच्या माणसाला बसता येईल अशी. अशा दोन-तीन जागा वेगवेगळ्या रांगांत असल्या तर माणसाला आपल्या कुटुंबासोबत बसता येतं. जुनं बाक कापू नका, क्रमांक घालून जपून ठेवा.

आवाजाकडे मी पाहुण्यांच्या नजरेने नव्हे, मागच्या रांगेतल्या आजोबांच्या कानाने पाहतो. मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे. उंच छताच्या इमारतीत आवाज घुमतो, म्हणून एका मोठ्या स्पीकरपेक्षा कमी आवाजाचे, लोकांच्या जवळचे अनेक स्पीकर बरे. श्रवणयंत्रात 'टी' ची (लूपमधून आलेला आवाज पकडण्याची) सोय असणाऱ्यांसाठी इंडक्शन लूप, म्हणजे बसण्याच्या जागेभोवती फिरवलेली तार, बसवता येतो. तो माइकचा आवाज थेट यंत्रात पोचवतो. बसवल्यावर श्रवणयंत्र वापरणाऱ्याकडूनच तपासून घ्या, कारण इतर कोणालाही त्यातला बिघाड ऐकू येत नाही.

वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर समोरून उजेड हवा. मागे खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो आणि ओठ पाहून समजून घेणाऱ्याचा धागा तुटतो. गीतांच्या काही प्रती १८ पॉइंट अक्षरात, चकाकी नसलेल्या कागदावर छापा. वाचनमंचाला पायरी असेल तर खाली हातात धरायचा माइक आणि कमी उंचीचा स्टँड ठेवा, म्हणजे खुर्चीवर बसलेली व्यक्तीसुद्धा वाचन करेल. सोय केवळ ऐकायला येणाऱ्यांसाठी नाही, सेवा करणाऱ्यांसाठीही आहे.

शौचालयात वळायला १.५ मीटर, भांड्याच्या एका बाजूला ९० सेंटीमीटर मोकळी जागा, पक्के आधारदांडे, बाहेर उघडणारं दार आणि ओढली की घंटा वाजवून मदत बोलावणारी, जमिनीपर्यंत लोंबणारी दोरी. ही दोरी अडगळ म्हणून गुंडाळून वर बांधलेली अनेकदा दिसते. पडलेल्या माणसाचा हात वर पोचत नाही. ती सोडा.

टप्पा १०: आवार

झाडं लावण्याच्या आधी असलेलं मोजा. नांगर न फिरलेली, खत न पडलेली जुन्या चर्चच्या आवारातली जमीन आसपासच्या शेतांपेक्षा कितीतरी विविध गवतं आणि रानफुलं सांभाळून असते. "उजाड आहे" म्हणून तिथे ओळीने रोपं लावणं म्हणजे काही वेळा असलेली श्रीमंती झाकणं. वर्षभर दर महिन्याला काय फुलतं, कोण येतं ते लिहा. अनेक मंडळ्या १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात. मुलांबरोबर ही मोजणी करायला तो चांगला मुहूर्त आहे.

वाटा आणि ज्यांना भेट दिली जाते त्या कबरींभोवती गवत कापलेलं ठेवा. बाकीचं फुलून बी पडेपर्यंत राहू द्या आणि मग कापून उचला, नाहीतर कुजलेलं गवत मातीला खत देतं आणि दाट गवत रानफुलांना दाबून टाकतं. तणनाशक कबरींभोवती नको. उघडी पडलेली माती धुपते आणि दगड कलतात. भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप ओढून उपटू नका, मुळांबरोबर चुनाही निघतो. बुंध्याशी कापा, पुन्हा फुटलं की पुन्हा कापा. फांद्या छाटण्याआधी आणि छपराला हात लावण्याआधी घरटी आणि वटवाघळं पाहा. पिल्लांच्या दिवसांत काम पुढे ढकला.

नवं झाड लावायचंच असेल तर पूर्ण वाढल्यावर जितकी उंची, निदान तितकं अंतर इमारतीपासून मी सोडतो. रॅम्पपासूनही दूरच.

पाणी साठवण्याचा हिशेब: १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. २०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पडला तर २,००० लिटर, त्यातलं काही वाया जातं. टाकी भरल्यावर जास्तीचं पाणी कुठे जाणार हे आधी ठरवा. ते पायाशी सोडलं तर टप्पा ७ फुकट गेला.

टप्पा ११: कामं कोणाची, कधी

पन्हळी वर्षातून दोनदा, त्यातली एकदा पानगळीनंतर. कठड्याचे स्क्रू आणि रॅम्पवरचं शेवाळ दर महिन्याला. लूप आणि माइक दर महिन्याला. भेगांच्या रेघाही दर महिन्याला. प्रत्येक कामापुढे नाव लिहा, समितीचं नको, माणसाचं.

आणि सगळं झाल्यावर एक शेवटची तपासणी. गटातल्या व्हीलचेअरवरच्या व्यक्तीला सांगा की पुढच्या कोणत्याही रविवारी, कोणालाही न कळवता, एकट्याने यावं. फाटकातून आत, दारातून आत, मनाला येईल त्या रांगेत, वाटल्यास कम्युनियनसाठी पुढे, शौचालयात आणि परत फाटकापर्यंत. दार कोणी मुद्दाम धरून ठेवायचं नाही. संध्याकाळी त्यांना भेटा आणि ज्या ज्या ठिकाणी त्यांना कोणाला हाक मारावी लागली, ती जागा वहीच्या नव्या पानावर लिहून घ्या.